रतीब : हंगाम संपल्यावर गिऱ्हाइकाशी बोलायचं तरी काय?

कलमवाला | ११ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, साधारण साडेतीनशे कलमं. बाबांच्या काळात सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलाली, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात पडेपर्यंत पावसाळा तोंडावर यायचा, आणि आपला आंबा कोणाच्या पोटात गेला ते कधी कळायचंच नाही. सहा वर्षांपूर्वी मी पुण्या-मुंबईत थेट घरपोच पेट्या द्यायला लागलो. आज वहीत सहाशेच्या आसपास नावं आहेत.

अडचण अशी आहे. एप्रिल-मेमध्ये फोन खाली ठेवायला फुरसत नसते. मृग लागला की सगळं चिडीचूप. पुढच्या मार्चमध्ये 'नमस्कार, आंबा सुरू झाला' असा मेसेज टाकतो तेव्हा अर्ध्या लोकांचं उत्तर येतं, 'कोण?' यंदा वही काढून बसलो. गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त यंदा आलेच नाहीत. आंबा खराब निघाला म्हणावं तर तक्रार एकाचीही नाही. काहींना फोन केला तर म्हणाले, "अहो, सोसायटीत एक जण टेम्पो घेऊन आला होता, त्याच्याकडून घेतला. तुमचा नंबर सापडेना."

पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, कंटेंट टाक. रोज एक रील." तीन आठवडे टाकल्या. बाग, समुद्र, बाग, कुत्रा, समुद्र. बाविसाव्या दिवशी मोबाइल धरून कलमाखाली उभा राहिलो, काही सुचेना. राखणीचा गुरखा लांबून ओरडला, "शेठ, नेटवर्क उधर है!"

तर प्रश्न असा, की ज्याचा माल वर्षातून दोनच महिने असतो त्याने उरलेले दहा महिने लोकांशी बोलायचं काय? किती वेळा? आणि याने खरंच गिऱ्हाईक टिकतं, की ही सगळी भाच्यांची फॅडं?

---

चहाटळ | ११ जुलै, रात्री ९:५२

रोज सकाळी सहाला गुलाबाच्या जागी हापूस लावून 'सुप्रभात' पाठवा. कायमचं नातं जुळेल. त्यांच्या ब्लॉक यादीशी.

---

पापलेट_प्रेमी | ११ जुलै, रात्री १०:०५

आधी सांगा, कुत्र्याची रील किती जणांनी बघितली?

---

कलमवाला | ११ जुलै, रात्री १०:११

सगळ्यात जास्त. आंब्याच्या चौपट.

---

पापलेट_प्रेमी | ११ जुलै, रात्री १०:१२

मग प्रश्न मिटला. कुत्री विका.

---

ठाण्याची_अन्नपूर्णा | ११ जुलै, रात्री ११:३०

हसून हसून पुरेवाट! पण दादा, तुमचा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मी घरगुती मसाले करते. गोडा, मालवणी, उन्हाळ्यात कांदा-लसूण. मसाल्याचंही तुमच्या आंब्यासारखंच असतं, अर्धा किलो नेला की बाई चार महिने तोंड दाखवत नाही. तीन वर्षं झाली, दर गुरुवारी रात्री आठला मी एकच मेसेज पाठवते, 'उद्याचा डबा'. घरात उरलंसुरलं जे असतं त्यातून शुक्रवारच्या डब्याला काय करता येईल, चार-पाच ओळीत. मसाल्याचा उल्लेख असलाच तर 'एक चमचा गोडा मसाला' इतकाच. 'आमचा' हा शब्दही नाही.

गुरुवारच का? आधी सोमवारी पाठवायचे, कोणी ढुंकून बघेना. सोमवारी सगळ्यांकडे भाजी ताजी असते आणि उत्साहही. गुरुवारपर्यंत दोन्ही संपतं. फ्रीजमध्ये अर्धा कोबी आणि दोन बटाटे उरलेले असताना मेसेज आला की तो वाचला जातो.

गेल्या वर्षी सासूबाईंचा पाय मोडला, दोन गुरुवार चुकले. तर अनोळखी नंबरवरून फोन, "ताई, मेसेज आला नाही, बऱ्या आहात ना?" ही बाई माझी गिऱ्हाईकच नव्हती! तिची जाऊ माझ्याकडून मसाला घेते, ती तिला पुढे पाठवायची.

आता याची दुसरी बाजू. 'ताई, कोबी नसेल तर?' 'ताई, मुलगा वांगं खात नाही.' 'ताई, कुकर की कढई?' गुरुवारची माझी रात्र गेली ती गेलीच. नवरा म्हणतो, तू मसाला विकतेस की सल्ला? एकदा सुरू केलंत की सोडवत नाही, हे ध्यानात ठेवून उतरा.

---

गणिती_गोट्या | १२ जुलै, सकाळी ७:१५

ताई, प्रतिसाद आवडला. पण विक्री वाढली का? प्रेमळ फोन आले हे ठीक.

---

ठाण्याची_अन्नपूर्णा | १२ जुलै, सकाळी ८:०२

नवीन बायका फारशा आल्या नाहीत. पण ज्या चार महिन्यांनी यायच्या त्या अडीच महिन्यांनी यायला लागल्या. पूर्वी मसाला डब्यात पडून वास उडवत बसायचा. आता वापरतात म्हणून संपतो. मला वाटतं माझी सगळी करामत तेवढीच.

---

गणिती_गोट्या | १२ जुलै, सकाळी ८:०६

हे 'तेवढीच' नाही हो. हेच उत्तर आहे. वाचनखूण साठवली.

---

रेडिओकाका | १२ जुलै, सकाळी ११:२०

माझं वय ७८. त्यामुळे थोडं मागून येतो, सांभाळून घ्या.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, १९५२ साली केंद्रात माहितीमंत्री झाले. त्यांना सिनेसंगीताचं वावडं. आकाशवाणीवर ती गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ, अमीन सायानींचा आवाज. बिनाका ही सीबा कंपनीची टूथपेस्ट.

आमच्या वाड्यात रेडिओ एकच, जोशांकडे. बुधवारी आठला त्यांच्या ओट्यावर बसायला जागा मिळत नसे. कुठलं गाणं कुठल्या पायदानावर, यावर शेंगदाण्याच्या पैजा लागत. गंमत म्हणजे आमच्या घरी तेव्हा सगळे राखुंडीने दात घासत. टूथपेस्ट हा पैसेवाल्यांचा चाळा! पण नाव पाठ. १९६९ साली पहिला पगार झाल्यावर दुकानात गेलो तेव्हा कोणती टूथपेस्ट मागितली असेन, सांगायला नको. कंपनीला माझ्यासाठी दहाएक वर्षं थांबावं लागलं, पण थांबली.

विविध भारती १९५७ साली आली, सिनेसंगीत घरच्या केंद्रावर ऐकू यायला लागलं, तरी बुधवारचा ओटा रिकामा झाला नाही. गाणी तर दोन्हीकडे तीच! सवय मात्र बुधवारची होती. अमीनभाई २०२४ च्या फेब्रुवारीत गेले, त्या दिवशी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता.

जाता जाता, धाग्याच्या नावात तुम्ही 'रतीब' लिहिलंत ते छान, पण जपून. दुधाचा रतीब लावणं वेगळं आणि लेखांचा रतीब घालणं वेगळं. पहिल्याची लोक वाट बघतात, दुसऱ्याला वैतागतात.

---

चहाटळ | १२ जुलै, सकाळी ११:४१

काका, दुधवाल्याचीही वाट बघतात ते पाणी घालेपर्यंतच.

---

अनिवासी_नांगर | १२ जुलै, रात्री ८:५५

मी इलिनॉयमध्ये राहतो, मोलीनपासून तासाभराच्या अंतरावर. मोलीन म्हणजे जॉन डिअर ट्रॅक्टरचं माहेर. या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं नियतकालिक सुरू केलं. फरो म्हणजे नांगराने पडणारी चर, तास. ते आजही निघतं. शेजाऱ्याच्या कोठारात त्याचे जुने अंक चाळले, तर मातीची धूप, मक्याचं पीक, शेतकरी कुटुंबांच्या हकिकती. ट्रॅक्टर शोधावा लागतो.

दुसरं उदाहरण मिशेलिनचं. टायर विकणारे दोन भाऊ. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या आणि यांनी मार्गदर्शिकेच्या सुमारे ३५,००० प्रती छापून फुकट वाटल्या. टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा. लोक फिरले तर टायर झिजणार, हा साधा हिशोब. अन्नपूर्णाताई, तुमच्या डब्याचं आणि यांच्या टायरचं गणित एकच. उपाहारगृहांचे ते प्रसिद्ध तारे पुढे १९२६ साली आले.

---

वाडीकर | १२ जुलै, रात्री ९:३०

नांगरराव, नांगरासाठी इलिनॉयला कशाला जाता? सांगली जिल्ह्यात या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. निवडुंग आणि साप यांच्याशिवाय तिथे काही नव्हतं असं आमचे आजोबा सांगायचे. माल काय, तर लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. आता असल्या माणसाला जाहिरात दाखवून काय उपयोग?

१९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे, लोक त्यांना शंवाकि म्हणत. सुरुवातीला कारखान्याचं मुखपत्र, यंत्रांची माहिती, कारखान्यातल्या घडामोडी. मग हळूहळू कथा आल्या, लेख आले, समाजसुधारणेचे वाद आले. नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. आमच्या आजीने आयुष्यात नांगर धरला नाही, पण 'स्त्री'चे अंक ट्रंकेत जपून ठेवले होते. नांगर विकणाऱ्या माणसांनी काढलेलं मासिक मराठी घरात दोन पिढ्या वाचलं गेलं. याला म्हणतात कंटेंट. तुमच्या भाच्याला सांगा.

---

एजन्सीतला_हमाल | १३ जुलै, दुपारी १:१०

गेली चौदा वर्षं हेच काम पोटासाठी करतोय, म्हणून जरा थंड पाणी ओततो.

वर आलेली उदाहरणं जिंकलेल्यांची आहेत. १९२० च्या सुमारास अशी किती मुखपत्रं निघाली आणि रद्दीत गेली, ते कोण सांगणार? मी एका मोठ्या वित्तसंस्थेसाठी चार वर्षं दर मंगळवारी वार्तापत्र काढलं. एकही मंगळवार चुकवला नाही, साहेब. पुरात नाही, लॉकडाऊनमध्ये नाही. सातत्य म्हणाल तर घड्याळ लावून घ्यावं. कोणी वाचत नव्हतं. विषय संपले की आम्ही 'जागतिक हास्य दिना'च्या शुभेच्छा द्यायचो, कोपऱ्यात बोधचिन्ह लावून. एकदा चुकून गेल्या वर्षीचाच अंक परत गेला. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. माझ्या साहेबाच्याही.

त्यामुळे 'नियमित पाठवा' हा सल्ला अर्धवट आहे. नियमित कंटाळाही पाठवता येतो. मी आता गिऱ्हाइकाला एकच विचारतो, उद्या हे बंद केलं तर कोणी विचारायला येईल का? अन्नपूर्णाताईंकडे फोन आला. माझ्याकडे चार वर्षांत एक आला. तो माणूस म्हणाला, माझं नाव यादीतून काढा.

---

पापलेट_प्रेमी | १३ जुलै, दुपारी १:२२

म्हणजे त्याने वाचलं तरी.

---

दूधहिशोब | १३ जुलै, दुपारी ४:००

हमालभाऊंशी अर्धी सहमत. पण कंटाळवाणं असूनही टिकणारी गोष्ट आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहे. बँक, वाणी, नगरसेवक, सगळे फुकट दिनदर्शिका देतात. तरी आमच्याकडे दर डिसेंबरात पैसे देऊन कालनिर्णय येतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं. तिथी, एकादशी, चतुर्थी, मागच्या पानांवर पाककृती, आरोग्य, भविष्य. आणि माझ्या हाताने लिहिलेलं दूध दीड लिटर, सिलेंडर लावला, बाई आली नाही, बाई आली नाही, बाई आली नाही.

साळगावकरांनी छापलेलं मी वर्षात किती वाचते? थोडंच. पण त्या चौकोनांत माझं वर्ष लिहिलेलं असतं. कलमवाले, तुमच्या मेसेजमध्ये समोरच्याला स्वतःचं काही लिहायला चौकोन सोडता येईल का बघा. कसा ते मला विचारू नका.

---

चौकातला | १३ जुलै, सायंकाळी ६:४५

अमूलला कसे विसरलात सगळे? १९६६ पासून ठिपक्याच्या फ्रॉकमधली ती पोरगी. डाकुन्हांच्या जाहिरात एजन्सीची कल्पना, चित्र युस्टेस फर्नांडिस यांचं. माल तोच, लोणी. पोरगी तीच. पण फलकावरचा विषय ताजा. क्रिकेट, निवडणूक, संप, काहीही. अमूलचे प्रमुख कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली होती, प्रत्येक फलक मंजुरीला आणायचा नाही. आणत बसले असते तर विषय शिळा झाला असता. हमालभाऊ, तुमचा मंगळवारचा अंक किती सह्यांमधून जायचा?

---

एजन्सीतला_हमाल | १३ जुलै, सायंकाळी ७:०३

सात. त्यांतली एक विधी विभागाची. 'हास्य दिना'लाही.

---

कोथरूडची_मावशी | १३ जुलै, रात्री १०:१५

सगळे विक्रीच्या बाजूने बोलताय, मी घेणाऱ्याच्या बाजूने बोलते.

मी अकरा वर्षं रत्नागिरीच्या एकाच बागायतदाराकडून आंबा घेते. त्याचा भाव कमी नाही, उलट पन्नास-शंभर जास्तच. मग का? एका जानेवारीत त्याचा मेसेज आला. मोहोराचा फोटो, काळवंडलेला. खाली लिहिलेलं, 'अवकाळी पावसाने पहिला मोहोर गेला. मावशी, यंदा पाडव्याला माझ्याकडे आंबा नसेल. ज्यांना पाडव्याला हवाच त्यांनी दुसरीकडे बघावं, राग नाही. दुसरा मोहोर टिकला तर मेच्या पहिल्या आठवड्यात देईन.'

त्या पाडव्याला आमच्या सोसायटीत 'अस्सल देवगड' म्हणून पेट्या आल्या. निम्म्या कुठल्या होत्या देव जाणे. मी थांबले. मेमध्ये त्याच्याकडून घेतला. आजपर्यंत त्याने पाठवलेले 'आंबा आला' वाले मेसेज मला एकही आठवत नाही. 'आंबा गेला' हा आठवतो.

---

बाबूल | १३ जुलै, रात्री १०:३३

मावशी, 'अस्सल देवगड' वरून आठवलं. पेटी देवगडची, कागद देवगडचा, आंबा कर्नाटकचा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे. पण टेम्पोवाल्याला कोण विचारतो?

---

घाटावरचा | १३ जुलै, रात्री १०:४०

बाहेरून सुंदर आणि कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला गर. अस्सल असला तरी. यावर बागवाले कधी बोलत नाहीत.

---

बाबूल | १३ जुलै, रात्री १०:४४

साका ही उष्णतेची भानगड आहे हो. फळ झाडावर जास्त पिकलं, काढल्यावर तापल्या जमिनीवर पडून राहिलं की धोका वाढतो. वेळेवर काढून सावलीत ठेवलं तर कमी होतो. बाहेरून ओळखता येत नाही, हीच खरी पंचाईत.

---

घाटावरचा | १३ जुलै, रात्री १०:४९

हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. मी आजवर बागवाल्यालाच चोर समजत होतो.

---

चहाटळ | १३ जुलै, रात्री १०:५५

मनातली अढी गेली म्हणायची. आता पायरी श्रेष्ठ की हापूस हा वाद सुरू होण्याआधी कोणीतरी धागा मूळ विषयावर आणा.

---

घाटावरचा | १३ जुलै, रात्री १०:५६

पायरी. रसाला पायरीच.

---

*(यापुढचे बावीस प्रतिसाद पायरीवर झाले. संपादकांनी ते 'आंबा: एक न संपणारा वाद' या धाग्यात हलवले आहेत.)*

---

तंत्रमित्र | १४ जुलै, सकाळी ९:३०

कलमवाले, काही कामाच्या गोष्टी. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. सहाशे लोकांपैकी किती जणांकडे तुमचा नंबर साठवलेला आहे? 'कोण?' विचारणाऱ्यांकडे नक्कीच नाही. म्हणजे तुम्ही ओरडत होतात आणि पलीकडे माणूसच नव्हता.

ग्रुप काढू नका. सहाशे लोकांचे नंबर एकमेकांना दिसतील आणि तिसऱ्या दिवशी तिथे कोणीतरी फ्लॅट विकायला बसेल. त्यापेक्षा पेटीत एक चिठ्ठी घाला, 'हा नंबर अमुक नावाने साठवा आणि एक हाय पाठवा, बागेची खबर महिन्यातून एकदा येईल.' जे पाठवतील तेवढ्यांनाच पाठवा. दोनशे राहिले तरी ते तुमचे दोनशे.

---

कलमवाला | १४ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, काल रात्री सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. पायरीसकट.

कोथरूडच्या मावशींच्या प्रतिसादावर बाबा गप्प झाले. मग म्हणाले, वाशीच्या दलालाला आम्ही दर महिन्याला पोस्टकार्ड टाकायचो. पाऊस किती, मोहोर कसा, किती पेट्या होतील. तो त्यावर गाळा आणि पैसे अडकवायचा, त्याला खरंच सांगावं लागायचं. तू गिऱ्हाइकाला कार्ड का टाकत नाहीस?

मला स्वतःचीच लाज वाटली. सहा वर्षं मी दलाल वगळला, आणि दलालाशी होणारं बोलणंही वगळलं.

तर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक चिठ्ठी, लिहिलेली. रील नाही. सध्या रोज दहा जणांना फोन करून विचारतोय, पाठवू का म्हणून. मसुदा झाला की इथे टाकतो.

---

पापलेट_प्रेमी | १४ जुलै, रात्री ९:२६

कुत्र्याचा एक फोटो तरी घाला. आमच्या शब्दाला काही मान?

---

कलमवाला | ३१ जुलै, रात्री १०:००

मसुदा. निर्दयपणे वाचा.

"नमस्कार. आज बागेत आंबा नाही, चिखल आहे. गेले आठ दिवस कलमांवरची बांडगुळं काढतोय. बांडगूळ म्हणजे कलमाच्या फांदीतच मुळं रुतवून तिथलंच पाणी पिणारं झाड. पक्षी त्याची चिकट फळं खातात, चोच फांदीला पुसतात, आणि बी तिथे रुजतं. लांबून दिसायला हिरवंगार, म्हणून नवखा माणूस खूश होतो. वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं, त्यामुळे फांदी खालपासून कापावी लागते. काल एका जुन्या कलमाची मोठी फांदी गेली. साधारण दोन पेट्यांचं नुकसान. पाऊस उघडला की पुढच्या चिठ्ठीत पालवीचं सांगेन. तुमच्या सोसायटीत आंबा असेल तर एकदा मान वर करून बघा, त्यावरही असेल. आगाऊ नोंदणी सुरू आहे, पहिल्या ५० जणांना विशेष सवलत!"

---

एजन्सीतला_हमाल | ३१ जुलै, रात्री १०:०८

शेवटचं वाक्य सोडून एका शब्दाला हात लावू नका. ते वाक्य मात्र बांडगुळासारखं खालपासून कापा.

---

कलमवाला | ३१ जुलै, रात्री १०:१०

भाच्याने घातलं होतं.

---

ठाण्याची_अन्नपूर्णा | ३१ जुलै, रात्री १०:३०

सोसायटीतला आंबा बघायला सांगितलंत ते फार आवडलं. दूधहिशोब म्हणत होत्या तो चौकोन हाच की! पण पाठवल्यावर संध्याकाळ मोकळी ठेवा. माझं ऐका.

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, रात्री ९:१५

हिशोब द्यायला आलोय. आज दुसरी चिठ्ठी गेली, हा पहिल्या चिठ्ठीचा.

२१४ जणांनी नंबर साठवून हाय पाठवला होता, तेवढ्यांनाच चिठ्ठी गेली. ३१ उत्तरं आली. दोघांनी नाव काढायला सांगितलं, काढलं. नऊ जणांनी आपापल्या सोसायटीतल्या आंब्यांचे फोटो पाठवले, त्यातलं एक झाड चिकूचं निघालं. एका गृहस्थांनी बांडगूळ काढायला सभेत ठराव मांडला, तो पुढच्या सभेवर ढकलला गेला.

आणि डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलं, "ज्या कलमाची फांदी तुटली त्याचे आंबे मी खाल्ले आहेत का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही सगळा आंबा एकत्र करून प्रतवारी लावतो. बाबांना विचारलं तर ते सुरूच झाले. कलमांना नंबर नाहीत, नावं आहेत. विहिरीवरचं, आजीचं, वीज पडलेलं, कोर्टाचं (बांधावरून भाऊबंदकीत अकरा वर्षं खटला चालला, ते). फांदी गेली ती आजीच्या कलमाची. आजीच्या आंब्याला साल पातळ, विहिरीवरचं आठवडाभर उशिरा येतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मी सहा वर्षं मोबाइल धरून याच कलमांखाली उभा होतो.

आजची चिठ्ठी नावांवर होती. बाबांनी सांगितली, मी लिहिली. एका नावावरून आईशी त्यांचं वाजलं, म्हणून ते कलम सोडून दिलं. यंदा निदान पंधरा-वीस कलमांचा माल वेगळा ठेवून पेटीवर कलमाचं नाव घालायचा विचार आहे. कामगार हसतायत. काम वाढणार हे नक्की, परवडेल का ते माहीत नाही.

---

बाबूल | ७ सप्टेंबर, रात्री ९:३०

कोर्टाची पेटी मला. आगाऊ नोंदणी समजा.

---

कोथरूडची_मावशी | ७ सप्टेंबर, रात्री ९:४८

मला आजीची चालली असती, पण मी आमच्या रत्नागिरीकराला सोडणार नाही. रागावू नका.

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, रात्री ९:५२

मावशी, राग कसला? असंच गिऱ्हाईक मला हवंय, म्हणून तर धागा काढला.

---

गणिती_गोट्या | ७ सप्टेंबर, रात्री १०:०५

भावनाविवश होण्याआधी एक काम करा. वहीत आत्ताच दोन रकाने आखा. एकात चिठ्ठी जाणारी नावं, दुसऱ्यात न जाणारी. मे अखेरीस बघा, कुठल्या रकान्यातले किती परत आले. फक्त एक ध्यानात ठेवा, ज्यांनी हौसेने हाय पाठवलं ते तसेही आलेच असते असं असू शकतं. पण 'फॅड की खरं' हा तुमचा मूळ प्रश्न होता, त्याला थोडं तरी उत्तर मिळेल.

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, रात्री १०:२१

आखले. बाबा शेजारी बसलेत, विचारतायत, विहिरीवरचं कुठल्या रकान्यात घालू?